शेवटच्या हातभर अंतरासाठी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही दादाला विचारलंत म्हणे, की वैशू ती माणसं वाचवायची बोट कागदावर आखते म्हणजे नेमकं काय करते. फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिने चष्मा अजून बदलून आणलेला नाही हे मला ठाऊक आहे.

बोट म्हटली की आधी सगळे वेग विचारतात. आपल्या तटरक्षक दलाच्या इंटरसेप्टर बोटी शांत पाण्यात ४५ नॉटपर्यंत, म्हणजे तासाला ४५ सागरी मैल, जातात. पण ज्या दिवशी माणूस बुडतो त्या दिवशी पाणी शांत नसतं. रत्नागिरीहून देवगड चाळीस सागरी मैलांच्या आतबाहेर. उसळलेल्या दर्यात २५ नॉट टिकवून धरले तरी दीड तास लागतो. तेव्हा वेग हवाच, त्याबद्दल वाद नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ मात्र वेगावर जात नाही. तो जातो शेवटच्या हातभर अंतरावर, म्हणजे बोट बुडणाऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तो अजून पाण्यातच आहे, त्या क्षणावर.

हे तुम्हाला मी काय सांगणार. विजयदुर्गच्या समोर खलाशी पडला होता तेव्हा त्याला वर घ्यायला तुम्ही तिघे लागला होतात, आणि तुमचा उजवा खांदा तेव्हापासून दुखतोय. ट्रॉलरची बाजू उंच. कपडे भिजून जड झालेले. त्याच्या हातात दोर धरायचीही ताकद उरलेली नाही. वर बोट लाटेवर चढते-उतरते ते वेगळंच. म्हणून वाचवणाऱ्या बोटीची बाजू एका ठिकाणी मुद्दाम पाण्याच्या जवळपर्यंत खाली आणतात, तिथे खलाशाला पट्ट्याने बांधून गुडघ्यांवर बसता येईल एवढी जागा ठेवतात. शक्य तिथे बोटीखालचा, तिला पुढे ढकलणारा पंखाच काढून टाकतात. वॉटरजेट बसवलं की बोट पाणी तळातून आत ओढून मागे जोराने फेकते. बाहेर फिरणारं पातं नाही, त्यामुळे पाण्यातल्या माणसाच्या अगदी अंगाला लागून उभं राहता येतं. शिवाय बोटीला खोली कमी लागते, म्हणजे खाडीच्या तोंडाशी जिथे वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात तिथेही जाता येतं.

आणि वर घ्यायचं ते आडवं. हे मला खरंच सगळ्यांना सांगावंसं वाटतं. माणूस पाण्यात असतो तेव्हा पाण्याचा दाब त्याचे पाय आणि पोट चहूकडून आवळून धरतो. बराच वेळ तसा राहिलेल्या माणसाला काखेत दोर घालून उभा ओढला, की तो दाब एकाएकी सुटतो, रक्त पायांकडे उतरतं, आणि बोटीत येता येता त्याची शुद्ध जाते. कधी हृदयच थांबतं. हाताशी आलेला माणूस हातातून जातो तो असा. म्हणून बोटीच्या बाजूला जाळीची झोळी लावतात, तिच्यात तो आडवाच गुंडाळला जातो आणि तसाच वर येतो. ट्रॉलरवर झोळी नसली तर जाळ्याचा जाड तुकडाही चालतो. वेळ असेल, माणूस शुद्धीवर असेल, तर घाई करून उभा खेचू नका, एवढं दादाच्या लोकांना सांगा. तोंड पाण्याखाली जात असेल तर मात्र जमेल तसा, ताबडतोब.

आता आईचा प्रश्न, की वाचवायला गेलेलेच बुडाले तर. आई, हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री पेनलीची लाकडी जीवनबोट वादळात सापडलेल्या एका मालवाहू जहाजाकडे गेली. जहाजावरचे आठ आणि बोटीवरचे आठ, सोळाही जण गेले. ती बोट उलटली तर स्वतः सरळ होणाऱ्यांतली नव्हती.

आज तिथली प्रत्येक मोठी जीवनबोट उलटली तरी सरळ होते. तुझ्यासाठी सोपं सांगते. जत्रेतली ती बाहुली आठव, कशीही आडवी पाडली तरी उभी राहणारी. इंजिनं, तेलाच्या टाक्या, सगळं जड सामान तळाशी. वर केबिन हवाबंद आणि मोठी. बोट पालथी झाली की हवेने भरलेली केबिन पाण्याखाली आणि सगळं वजन डोक्यावर, अशा अवस्थेत ती राहूच शकत नाही. काही सेकंदांत फिरून वर येते. इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवेची वाट आपोआप बंद होते. माणसं खुर्च्यांना पट्ट्यांनी बांधलेली असतात, आणि त्या खुर्च्यांखाली धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा असतात, कारण लाटेवरून आपटताना कंबरेचे मणके आधी जातात. केबिनचं दार उघडं राहिलं तर मात्र हे सगळं फुकट. म्हणून दाराचा कडी-कोयंडा आणि रबरी पट्टी यावर आमच्याकडे जितकी चर्चा होते तितकी इंजिनावरही होत नाही.

बाबा, तुमच्यासाठी एक आकडा लिहून ठेवलाय. ब्रिटनमध्ये १८२४ पासून चाललेली आरएनएलआय नावाची जीवनबोटींची संस्था आहे. तिची शॅनन जातीची बोट १३.६ मीटर लांब, १८ टनांची, वेग २५ नॉट. तिचा तळ आखणारा पीटर आयर हा तरुण अभियंता. लहानपणी त्याला स्वतःला याच संस्थेच्या बोटीने समुद्रातून सोडवून आणलं होतं. या बोटीत वाचवलेली २३ माणसं घेतली तर ती उलटली तरी सरळ होते. जागा आहे ७९ जणांना. पण २३ च्या वर गेलात की उलटल्यावर सरळ होण्याची खात्री संपते. म्हणजे पाण्यात चोविसावा माणूस हात वर करून आहे आणि बोटीच्या तांडेलाने ठरवायचं. तो घेणारच, तुम्हीही घेतला असता. मला वाटतं आमच्यासारख्या कागदावर काम करणाऱ्यांचं सगळ्यात प्रामाणिक काम हेच, की हे दोन्ही आकडे आधीच मोजून त्याच्यासमोर ठेवायचे, रात्रीच्या अंधारात त्याला अंदाज करायला लावायचा नाही.

आपल्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांची खबर वेळेवर पोचली नाही तर काय होतं हे सांगायला 'रामदास' पुरेशी आहे. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट, सहाशेंहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, मुंबईला खबर पोचायला कित्येक तास गेले. ज्यांना पाण्यातून बाहेर काढलं त्यांतल्या बऱ्याच जणांना मच्छीमारांनी आपल्या होड्यांत घेतलं. ही गोष्ट आजही बदललेली नाही. सरकारी बोट कितीही चांगली असली तरी पहिली पोचते ती शेजारी जाळं टाकणारी होडी.

नॉर्वेच्या लोकांनी हे फार आधी ओळखलं होतं. तिथे १८९१ मध्ये अशीच माणसं वाचवणारी संस्था निघाली आणि कॉलिन आर्चर या जहाजबांधणीकाराने १८९३ मध्ये तिला बोट करून दिली. शिडाची, दोन्ही टोकांना निमुळती, म्हणजे मागून येणारी लाटही तिला फोडता यायची. पण मला आवडतं ते तिचं काम. ती बंदरात हाक यायची वाट बघत बसायची नाही, हिवाळ्यात मासेमारीच्या ताफ्याबरोबर समुद्रातच राहायची, आणि वादळ आलं की एकेक होडी ओढून आत आणायची. आपल्या किनाऱ्यावरही हंगामात असं काही असावं असं मला मनापासून वाटतं. मोठं जहाज नको. रत्नागिरी ते मालवण ताफ्याच्या आसपास फिरणारी, ओढायला ताकदवान अशी एखादी बोट.

कारण वाचवणाऱ्या बोटीचं रोजचं काम ओढण्याचंच असतं. इंजिन बंद पडलं, जाळं पंख्यात अडकलं, कुणाच्या छातीत दुखायला लागलं. ओढायचा खुंटा अगदी मागे नसतो, बोटीच्या मध्याकडे, सुकाणूच्या बराच पुढे बसवतात. मागच्या टोकाला दोर बांधला तर बोट वळतच नाही. आणि दोर लांब ठेवायचा, दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेवर चढतील इतका. एक चढतेय नि दुसरी उतरतेय असं झालं की झटका बसतो आणि ओढल्या जाणाऱ्या बोटीचा खुंटा उपटून येतो. दादाच्या ट्रॉलरचा पुढचा खुंटा नुसता फळीवर बोल्ट मारून बसवलाय, हे मी मे महिन्यात पाहिलं. बोट वर ओढलेली आहे तोवर त्याखाली जाड लाकूड घालून तो आतल्या फासळीला जोडून घ्या. सुताराला माझा फोन नंबर द्या, मी त्याला समजावते.

वॉटरजेटचं मी इतकं कौतुक केलं, पण आपल्याकडे त्याला एक मोठी अडचण आहे. तरंगणारे जाळ्यांचे तुकडे आणि प्लास्टिक आत ओढलं जातं. बोट थांबवून, खलाशाला पाण्यात न उतरवता, आतल्या बाजूने झाकण उघडून ते काढता आलं पाहिजे. सध्या मी त्या झाकणाच्या जागेवरच काम करतेय. तुटलेलं जाळं समुद्रात सोडू नका असं तुम्ही लोकांना ओरडायचात, ते मला इथे रोज आठवतं.

आता दादाचं. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या ६८ होड्या, ९५२ माणसं आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागली. आईने पातेली भरभरून पेज केली होती. ती माणसं दिवसेंदिवस वाऱ्याबरोबर वाहत आली होती, आणि त्यांना शोधणाऱ्यांना ती नेमकी कुठे आहेत हे कळायला मार्ग नव्हता. लाटांमध्ये पाण्यातलं डोकं बोटीवरून काहीशे मीटरच्या पुढे दिसत नाही. वारा आणि प्रवाह माणसाला दर तासाला दूर नेतात, म्हणजे शोधायचं क्षेत्र वाढतच जातं. इस्रोने केलेलं डॅट नावाचं संकटसूचक यंत्र दादाकडे आहे, पण ते केबिनमध्ये कपाटात आहे. २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, तिच्यात बटण दाबल्यावर संदेश पोचल्याची पोचही परत येते. नवीन मिळेल तेव्हा घ्यावं, पण तोवर आहे ते बाहेर, हाताला लागेल असं बसवावं आणि त्याची बॅटरी तपासावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येक खलाशाच्या फोनमध्ये हवा, बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरचं चॅनल चालू हवं.

आणि जाकीट. गरम होतं, जाळ्यात अडकतं, हे दादाचं म्हणणं खोटं नाही. जाड फोमचं जाकीट घालून जाळं ओढता येत नाही. म्हणून मी फुगणारी जाकिटं घेतेय, गळ्याभोवती पट्ट्यासारखी बसतात, पाण्यात पडल्यावर आपोआप फुगतात. बेशुद्ध माणसाचंही तोंड वर राहतं, आणि पाठीशी उचलायला कडी असते. मांड्यांमधला पट्टा मात्र बांधलाच पाहिजे, नाहीतर जाकीट वर सरकतं आणि माणूस खाली. मी किती चांगली बोट आखली तरी ती पोचेपर्यंत तो माणूस पाण्यावर असायला हवा, बाबा. तेवढं माझ्या हातात नाही, ते तुमच्या शब्दात आहे. दादा माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकतो.

३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपून बोट बाहेर पडायच्या आत पार्सल पोचलं पाहिजे, म्हणून सगळ्यांच्या छातीची मापं लवकर कळवा. नव्या नेपाळी खलाशांपैकी दोघांना पोहता येत नाही असं दादा म्हणाला होता. त्यांची मापं सगळ्यात आधी पाठवा.

तुमची,
वैशू