रिचर्ड स्ट्रॉस शेवटाकडून ऐकायला शिकवणाऱ्या बेसवादकास

आदरणीय दादा,
स. न. वि. वि.

रिचर्ड स्ट्रॉस या जर्मन संगीतकाराच्या टोन पोएम्समधल्या (म्हणजे एखादी गोष्ट किंवा कल्पना मांडणाऱ्या ऑर्केस्ट्रा-रचनांमधल्या) आवडीच्या चार कशा निवडाव्यात, एवढंच आम्ही विचारलं होतं. तुम्ही यादी दिलीच नाहीत. प्रत्येक रचना संपते कशी ते लिहून पाठवलंत, आणि डबल बेसच्या (ऑर्केस्ट्रातलं खर्जाचं भलंमोठं तंतुवाद्य, पुढे नुसतं 'बेस') रांगेतून काय ऐकू येतं तेही. ती टिपणं इतकी कामाची निघाली की आभार चारचौघांत मानावेत आणि त्यातलं थोडं इतरांच्याही हाती पडावं, म्हणून हे उघडं पत्र. (वॉल्ट्झवाल्या योहान स्ट्रॉसशी या रिचर्डचं काही नातं नाही. कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकतो.)

स्ट्रॉसच्या सुरुवाती एकाहून एक. त्यांच्यावरून निवडायला बसलं तर सगळ्यांनाच पहिला नंबर द्यावा लागतो. 'डॉन हुआन'ची पहिली काही सेकंदं म्हणजे तंतुवाद्यांची वर झेपावणारी लाट. जगभरच्या ऑर्केस्ट्रांच्या ऑडिशनमध्ये व्हायोलिनवाल्यांकडून हेच पान वाजवून घेतात, कारण हात जरा घाईला आला की स्वर एकमेकांत लिबलिबीत होतात आणि लपायला जागा नसते. पण ही सतरा-अठरा मिनिटांची रचना संपते कशी, हे कितीजण सांगू शकतील? सगळा जल्लोष अचानक थांबतो, पूर्ण शांतता, मग हलक्या ए मायनर सूरमेळावर (मायनर म्हणजे कोमल गंधाराचा, उदास छटेचा; मेजर म्हणजे शुद्ध गंधाराचा, उजळ) ट्रंपेटचा एफ सुरीसारखा घुसतो आणि सगळं ई मायनरमध्ये गारठून जातं. १८८९ साली वायमारला स्वतः ही रचना वाजवून घेतली तेव्हा स्ट्रॉस पंचवीस वर्षांचा होता. टाळ्या हमखास मिळतील असा शेवट त्याला सहज करता आला असता, तो त्यानं केला नाही. ही रचना आमच्या चारांत आली ती त्या एका मिनिटासाठी.

खरे ऋणी आहोत ते 'झाराटुस्ट्रा'वरच्या टिपणाबद्दल. १८९६ ची ही रचना, फ्रँकफर्टला पहिल्यांदा वाजली. तिची पहिली दीड-दोन मिनिटं '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या अवकाशपटामुळे सगळ्यांना पाठ आहेत, आणि उरलेला अर्धा तास फारसं कुणी ऐकत नाही. सुरुवातीला खाली जो सी घुमतो तो ऑर्गन, काँट्राबसून (खोल खर्जाचं लाकडी फुंकवाद्य) आणि बेस मिळून धरतात, बास ड्रमच्या घुमाऱ्यासकट. हा सी सुमारे ३३ हर्ट्झचा. चार तारांच्या साध्या बेसची सर्वांत खालची तार ई, म्हणजे ४१ हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे तिथं पाच तारांचा बेस किंवा मानेवर तार लांबवणारी जोडणी लागते, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या ध्यानातही आलं नव्हतं. ऑर्गनचं दुखणं वेगळं. त्याचा सूर ठरलेला असतो, तर फुंकवाद्यं सभागृहातल्या उष्म्यानं चढतात. प्रस्तावनेच्या शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि ऑर्गनचा सी मेजर एकटाच मागे राहतो. तोवर जुळवून घेतलेली तफावत त्या क्षणी उघडी पडते. ध्वनिमुद्रण चांगलं की वाईट हे पारखायला हीच जागा पुरे.

आता शेवट. वर बासऱ्या आणि व्हायोलिन बी मेजरचा सूरमेळ धरून आहेत आणि खाली चेलो-बेस तार खुडून सी वाजवताहेत. सी हा षड्ज धरला तर बी म्हणजे शुद्ध निषाद. षड्जाच्या दाराशी येऊन निषाद थांबतो, आत जात नाही. रचना तशीच संपते. फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला हे कळतच नाही, कारण त्या इवल्याशा स्पीकरला तो खर्ज काढताच येत नाही. उरतो गोड बी मेजर, आणि 'शेवट जरा मिळमिळीत आहे' असा शेरा. तुमचा उपाय सोपा आहे: कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यायचा, आधी शेवटचं मिनिट लावायचं, खालचा सी स्पष्ट ऐकू येईल एवढा आवाज ठेवायचा आणि मगच पहिल्यापासून सुरू करायचं. सुरुवात दणदणीत येते, येऊ द्यावी. अ‍ॅपमधली आवाज आपोआप समान करणारी सोय मात्र बंद हवी, नाहीतर हळू आणि मोठ्या जागांमधला फरकच सपाट होतो. ट्रॅक एकमेकांत मिसळवणारी सोयही बंद. झाराटुस्ट्राचे भाग सलग वाजतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांचे वेगळे ट्रॅक केलेले असतात.

'टिल ऑइलेनश्पीगल' (लोककथेतला खोडकर टिल, शेवटी फासावर जाणारा) निवडायला कुणाची शिफारस लागत नाही. पंधरा मिनिटं, आणि एकही फुकट नाही. हॉर्नची ती प्रसिद्ध धून मापाच्या खटक्यावर बसत नाही. दुसऱ्यांदा येताना तिची जागा सरकलेली असते, म्हणून पायानं ठेका धरणारा हमखास चुकतो. (स्ट्रॉसचे वडील म्युनिकच्या दरबारी ऑर्केस्ट्रात पहिले हॉर्नवादक होते. मुलानं हॉर्नवाल्यांना कधी दयामाया दाखवली नाही.) फाशीच्या प्रसंगी ड्रमचा घुमारा, खालच्या पितळी वाद्यांचा दरडावणारा प्रश्न आणि छोट्या क्लॅरिनेटचं उर्मट उत्तर. ते उत्तर शेवटी घाबरलेलं येतं, मग खाली कोसळणारी सप्तकाला थोडी कमी अशी उडी, आणि गडी लटकला. त्यानंतरचा 'एकदा काय झालं' या चालीचा उपसंहार अनेकांना अनावश्यक वाटतो. आम्हाला तोच आवडतो.

'डॉन किहोते'ला पहिलं स्थान देताना आमच्यात वाद झाला नाही. १८९८, कोलोन, प्रस्तावना, विषय, दहा व्हेरिएशन (त्याच विषयाची बदलती रूपं) आणि समारोप, चाळीस मिनिटांच्या आसपास. किहोते, म्हणजे कादंबरीतला तो भ्रमिष्ट सरदार, इथं चेलो. त्याचा सेवक सांचो म्हणजे व्हायोला, सोबत बास क्लॅरिनेट आणि टेनर ट्युबा. दुसऱ्या व्हेरिएशनमध्ये आवाज दाबलेली पितळी वाद्यं जीभ फडफडवत मेंढ्या ओरडवतात, त्यावर सगळे हसतात. तुम्ही बोट ठेवलंत ते सातव्यावर. डोळे बांधलेले दोघं लाकडी घोड्यावरून आकाशात उडाल्याच्या भ्रमात आहेत. वाऱ्याचं यंत्र घरघरतंय, बासऱ्या आणि हार्प वर-खाली सुसाटताहेत, आणि या सगळ्याखाली बेस एक डी धरून बसलेत, जराही न हलता. घोडा जमिनीवरून उठलेलाच नाही! एरवी हे व्हेरिएशन नुसती गंमत म्हणून निघून जातं. यंत्राचं हँडल जोरात फिरवलं की डी बुडतो आणि विनोदच मरतो, हे तुमचं म्हणणं दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली की पटतं. आमच्याकडून शिफारस चेलोवादक पिअर फूर्निए आणि कंडक्टर कारायान यांच्या १९६५ च्या मुद्रणाची. त्याच्या जोडीला चेलोवादक पॉल टॉर्टेलिए आणि कंडक्टर रुडॉल्फ केम्पे यांचं ड्रेस्डेनचं. समारोपात चेलो मान टाकतो तिथं फूर्निए काही दाखवत नाही, नुसता थांबतो.

ही झाली चार. बाकीच्यांचं थोडक्यात. 'हेल्डनलेबन'ला मुळात शांत शेवट होता. पहिल्या प्रयोगाआधीच स्ट्रॉसनं तो बदलून पितळी वाद्यांचा भरघोस सूरमेळ घातला. आम्हाला जुना अधिक बरा वाटतो. आठ हॉर्न हाताशी आहेत म्हणून प्रत्येक वेळी वाजवायलाच हवेत असं नाही. 'आल्पाइन सिंफनी' (१९१५) रात्रीतून निघून रात्रीतच परतते, हा शेवट सुंदर आहे. पण मधले धबधबे आणि कुरणं ऐकताना पन्नास मिनिटं लांबतात. पडद्यामागचे बारा हॉर्न प्रत्यक्ष सभागृहातच पटतात. 'डोमेस्टिका'ला तर संपावंसंच वाटत नाही.

मेहतांच्या लॉस एंजेलिसच्या मुद्रणांबद्दल तुम्ही लिहिलेलं योग्यच आहे. मुंबईत जन्मलेले कंडक्टर झुबिन मेहता यांनी १९६८ साली डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेला 'झाराटुस्ट्रा' खालच्या सुरांच्या बाबतीत अजून फिका पडलेला नाही. स्ट्रॉसचं स्वतःचं १९२९ चं 'डॉन हुआन' ऐकायचं ते वेगासाठी, खर्जासाठी नव्हे. त्या काळच्या तबकडीवर तो उतरतच नसे. स्ट्रॉस कुठंही रेंगाळत नाही, याकडे आजच्या कंडक्टरांनी लक्ष द्यायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकणार नाही. 'टोड उंड फेरक्लेरुंग' (मृत्यू आणि दिव्य रूपांतर) तुम्ही 'तरुणाची कल्पना' म्हणून बाजूला सारलीत. १८९० ची ती रचना अडखळत्या ठोक्यांनी सुरू होऊन सी मेजरमध्ये निवते. जवळजवळ साठ वर्षांनी, १९४८ मध्ये, 'इम आबेंडरोट' या गाण्यात मृत्यूचा प्रश्न येतो तिथं स्ट्रॉसनं तिचीच धून पुन्हा वापरली. त्याला ती टाकावीशी वाटली नाही, तेव्हा आम्हीही पाचवी म्हणून ठेवतो आहोत. त्या सी मेजरखाली बेस काय करतात ते तुमच्या पुढच्या टिपणात अवश्य कळवा.

लोभ आहेच, तो वाढावा. कळावे.

आपले,
काही मराठी श्रोते