लागवडीच्या निविदेत भरतीची पातळी कुठे आहे? किनारपट्टी व्यवस्थापन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री, किनारपट्टी व्यवस्थापन, यांस

स. न. वि. वि.

किनारा वाचवायचा म्हटले की बहुधा दोनच कामे निघतात: कांदळवनाची लागवड आणि दगडी धूपप्रतिबंधक बंधारा. दोन्ही मोजायला सोपी. इतकी लाख रोपे, इतके मीटर दगड. मोजणी झाली की बिल निघते. रोपांचे आणि पुळणीचे (वाळूच्या किनाऱ्याचे) पुढे काय झाले हे मोजण्याची तरतूद मात्र निविदेत क्वचितच असते. हे पत्र त्या तरतुदीसाठी आहे.

आधी कांदळवनाचे. तिवर असो वा कांदळ, ही झाडे कायम पाण्यात उभी राहणारी नव्हेत. समुद्राची सरासरी पातळी आणि उधाणाची सर्वांत वरची रेघ यांच्या मधल्या पट्ट्यात ती जगतात. ढोबळ हिशेब असा, की एकूण वेळेपैकी साधारण ३० टक्के किंवा त्याहून कमी वेळच जमिनीवर पाणी असावे. उरलेल्या वेळात तिवराची श्वासमुळे उघडी राहून हवा घेतात. जमीन दोन वीत खाली असली तरी रोप बुडून मरू शकते, मग ते कितीही निगुतीने वाढवलेले असो.

तरी लागवड होते ती बहुतेकदा खालच्या, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर. कारण सरळ आहे. योग्य पातळीच्या जागांवर कोळंबीची तळी, मिठागरे, भराव आहेत. चिखलावर मात्र कोणाचा सातबारा नाही, म्हणून भांडणही नाही. आणि लावतात बहुधा कांदळच, कारण त्याचा शेंगेसारखा लांब अंकुर नुसता टोचला की लागवड झाली असे म्हणता येते. फिलिपाईन्समध्ये असा भरपूर खर्च होऊनही दीर्घकाळ जगलेली रोपे १० ते २० टक्केच भरली. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतरच्या लागवडीची पुढे तपासणी झाली, तेव्हा २३ प्रकल्पस्थळांपैकी ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हते. शिवाय तो चिखल काही ओसाड नसतो. शिंपल्या, खेकडे, चिखलात चोच खुपसणारे पक्षी, शिंपल्या वेचून पोट भरणारी माणसे या सगळ्यांची ती जागा असते.

म्हणून रोप हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: इथे झाडे आपोआप का उगवत नाहीत? जवळ वन असेल तर भरतीबरोबर बिया येतच असतात. त्या रुजत नसतील तर अडचण पाण्याच्या येण्या-जाण्यात असते.

नेहमीचे उदाहरण रस्त्याचे. भराव टाकून खाडीचा फाटा अडवतात आणि खाली एक-दोन पाइप ठेवतात. पाइपचा तळ फाट्याच्या तळापेक्षा वर बसवलेला असतो. उधाणाचे पाणी आत शिरते, ओहोटीला मात्र पुरते उतरत नाही. त्यात पावसाच्या पाण्याची भर पडते आणि श्वासमुळे आठवडेच्या आठवडे बुडून राहतात. आधी पाने पिवळी पडतात, मग शेंडे वाळतात. पाहणी अहवालात कारण लिहिले जाते ‘कीड’. (कीड सापडतेही, मरणाऱ्या झाडावर ती येणारच.) उपाय आहे पाइपच्या जागी पेटी-मोरी, म्हणजे चौकोनी पेटीसारखी मोरी: तळ फाट्याच्या तळाशी, रुंदी मूळ फाट्याइतकी. एका मोरीमागे एकही रोप न लावता मोठे क्षेत्र सावरू शकते. फ्लोरिडातल्या वेस्ट लेकमध्ये जमिनीची पातळी आणि भरतीचे नाले नीट केले. वन वाहून आलेल्या बियांतूनच उभे राहिले.

पडीक कोळंबी तळ्यांचे काम जास्त नाजूक. बांध सरसकट पाडू नये. जुन्या फाट्यांची तोंडे जिथे होती तिथे दोन-तीन ठिकाणीच, नैसर्गिक तळापर्यंत कापावा. निघालेली माती काठावर रचली तर नवा बांध तयार होतो. तिने आतले चर भरावेत. आणि माती आधी तपासावी. खाजणाच्या मातीत गंधक आणि लोह यांचे संयुग असते. ते हवेत उघडे पडले की गंधकाम्ल बनते. ओल्या मातीचा सामू ७ च्या आसपास दिसतो. तीच माती ओलसर ठेवून काही आठवडे हवेत राहू दिली की तो ४ च्या खाली उतरू शकतो. अशा तळ्याला एकदम मोठे तोंड पाडले तर आम्लयुक्त पाणी खाडीत उतरते आणि मासे मरतात. तिथे खाचा लहान ठेवून भरतीच्या पाण्याने माती हळूहळू धुऊ द्यावी.

पातळी मोजायला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. उधाणाच्या दिवशी पाण्यात सुटणारा रंग लावलेल्या काठ्या ओळीने रोवाव्यात. पाणी ओसरल्यावर रंग कुठवर धुतला ते दिसते. मग गवंडी वापरतात त्या पारदर्शक पाण्याच्या नळीने जवळच्या निरोगी तिवराच्या बुंध्याची पातळी लागवडीच्या जागेपर्यंत आणावी. दोन माणसे, एक दिवस. हा एक दिवस वाचवण्यापायी तीन वर्षांचा खर्च चिखलात जातो.

आता बंधारा. लाटा तिरक्या येतात, म्हणून वाळू किनाऱ्याला समांतर सरकत राहते. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू ओढते. समोरची पुळण खचते आणि पायथ्याचे दगड घसरतात. दगडांखाली गाळणीचे कापड नसेल तर फटींतून मागची माती निघून जाते आणि एक दिवस वरच्या रस्त्याला भगदाड पडते. भिंत जिथे संपते तिथली धूप वाढते, आणि पुढचे गाव बंधारा मागते. रस्ता किंवा रुग्णालय धोक्यात असेल तिथे भिंत बांधावीच लागेल, ते आम्हालाही मान्य आहे. पण वाळू येतच नसेल तर भिंत ती आणू शकत नाही. १९७० मध्ये अस्वानचे उंच धरण पूर्ण झाल्यावर नाईलचा जवळजवळ सगळा गाळ धरणामागे अडकला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा झपाट्याने मागे सरला. नेदरलँड्सने २०११ मध्ये डेल्फलंडच्या किनाऱ्यावर २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एका ठिकाणी टाकली आणि ती पसरवण्याचे काम वाऱ्या-लाटांवर सोपवले. हे सगळीकडे परवडणार नाही. परवडले तरी ती वाळू लाटा तळ हलवतात त्या पट्ट्याच्या पलीकडून, खोल पाण्यातून काढावी. जवळून काढली तर पुळणीचीच वाळू त्या खड्ड्यात उतरते.

जावा बेटावरच्या देमाकमध्ये फांद्यांचे झिरपते बांध घालून गाळ अडवला गेला. पण भूजलाच्या उपशामुळे तिथली जमीनच खचते आहे, त्यामुळे मिळवलेले बरेच गमावले गेले. म्हणजे किनाऱ्याचा आराखडा कूपनलिकांना परवाने देणाऱ्या, धरणांतून पाणी सोडणाऱ्या आणि सांडपाण्याचे प्रकल्प चालवणाऱ्या खात्यांना सोबत घेतल्याशिवाय पुरा होत नाही. तो समन्वय आपल्याच पातळीवर होऊ शकतो.

निविदेपुरत्या मागण्या साध्या आहेत. अर्जासोबत भरतीच्या संदर्भाने जमिनीच्या पातळ्यांचा नकाशा आणि झाडे आपोआप का येत नाहीत याचे लेखी उत्तर असावे. दुरुस्तीनंतर दोन हंगाम बियांची वाट पाहावी, मगच लागवड. देयकाचा शेवटचा ४० टक्के हप्ता तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांवर द्यावा, आणि मोजणी ठेकेदाराने करू नये. बंधाऱ्याच्या प्रस्तावात दोन्ही टोकांपुढच्या किमान एक किलोमीटर किनाऱ्याचे, पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे, पुळणीचे छेद (वाळूची उंची-उतार दाखवणारे आलेख) जोडलेले असावेत. छेद नसतील तर फाइल परत पाठवावी.

कळावे,

आपले विश्वासू,
किनारा आणि खाडीच्या कामांतले काही अभियंते व अभ्यासक