उशीर आम्ही केलेला नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

माझ्या आठ महिन्यांच्या मुलीच्या डिस्चार्ज कार्डावर शेरा आहे : 'पालकांनी दाखल करण्यास विलंब केला.' न्यूमोनिया होता. पोर वाचली, पुन्हा अंगावर पिऊ लागली. पण तो शेरा वाचला की माझ्या अंगाची आग होते.

खोकला सुरू झाला त्याच दिवशी मी तिला सरकारी आरोग्य केंद्रात नेलं होतं. डॉक्टर मीटिंगला गेलेले. खिडकीतून खोकल्याची बाटली हातात आली आणि 'बरं वाटलं नाही तर या' एवढं ऐकायला मिळालं. बरं वाटलं नाही म्हणजे नेमकं काय दिसलं की यायचं? ते कोणीच सांगितलं नाही. पुढे एका रात्री तिचं पोट उडायला लागलं, दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडू लागला, दूध तोंडात धरेना. केंद्राला कुलूप. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेजारच्या दादांनी पिकअप काढला, म्हणून आम्ही जिल्ह्याला पोचलो. वाटभर ती माझ्या मांडीवर कण्हत होती. साहेब, विलंब कोणी केला?

श्वास मोजायचे असतात, हे मला वॉर्डातल्या सिस्टरनी शिकवलं. बाळ शांत असताना पोटावर नजर ठेवायची आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे 40 किंवा जास्त भरले, तर लगेच डॉक्टर गाठायचा. छाती आत ओढली जातेय, बाळ पीत नाही, घेतलेलं सगळं उलटून टाकतंय, झटका आला, हाक मारून जागं होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी मोजत बसायचं नाही, निघायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर नुसता ताप आला किंवा अंग गार पडलं तरी थांबायचं नाही. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? बाळंतपणाच्या वेळी का सांगितलं नाही? लसीच्या दिवशी का नाही? गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं वाचवली. 1999 साली ते काम लॅन्सेट या जागतिक वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, 2011 पासून देशभर आशाताई त्या धर्तीवर घरभेटी देऊ लागल्या. आणि त्याच महाराष्ट्रातल्या आईला हे पोर व्हेंटिलेटरच्या दारात गेल्यावर कळतं!

त्या बाटलीबद्दलही बोलायचं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं औषध पिऊन मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यातल्या कित्येकांनी आपल्या नागपुरात जीव सोडला. तपासलेल्या औषधात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघालं. त्यानंतर केंद्र सरकारने बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नका, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. मग त्यानंतर माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला सरकारी खिडकीतून बाटली मिळते कशी? याच विषाने 1986 मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात 14 रुग्ण गेले होते. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. तेव्हाची बाळं आज चाळिशीची झाली, आणि औषध तपासायची यंत्रणा अजून माणसं मेल्यावरच जागी होते.

आमच्या आशाताईंना मी दोष देणार नाही. सर्वेक्षण त्यांनी करायचं, ऑनलाइन नोंदी त्यांनी भरायच्या, मोबदला मात्र थकलेला. त्यांनी बाळाजवळ बसायचं कधी? आकडे वर पाठवण्यासाठीच ही सगळी यंत्रणा उभी केली आहे का? रिकामी पदं तुमची, कुलूप तुमचं, अन् शेरा आमच्या नावावर.

शेरा खोडून द्या, असा लेखी अर्ज मी केला आहे. त्याचं उत्तर हवं. प्रत्येक केंद्राच्या दारावर त्या रात्री ड्युटीवर कोण आहे त्याचं नाव आणि उचलला जाणारा फोन नंबर हवा. श्वासांचे आकडे प्रत्येक बाळंतिणीला घरी सोडण्याआधी करून दाखवायला हवेत. नुसता कागद हातात देऊन चालणार नाही. पावसाळ्यात वॉर्ड पुन्हा भरतील, त्याआधी हे करा.

आपली,
एक आई