‘द प्लेझर प्रिन्सिपल’ माणसांनीच वाजवला आहे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतल्या न्यू वेव्ह (पंकनंतरच्या रॉक-पॉप) संगीतावरच्या लेखात ब्रिटिश गायक-संगीतकार गॅरी न्यूमनच्या ‘द प्लेझर प्रिन्सिपल’चं वर्णन ‘संगणकाने वाजवलेला अल्बम’ असं केलं आहे. ही चूक दुरुस्त व्हायला हवी. घरी सिंथेसायझरवर तो आवाज काढू पाहणारी मुलं नेमकी याच समजुतीपायी अडकतात.

सप्टेंबर १९७९ मध्ये हा अल्बम बेगर्स बँक्वेट कंपनीने काढला. आधीचे दोन अल्बम ‘ट्यूबवे आर्मी’ या नावावर निघाले होते. स्वतःच्या नावाने न्यूमनचा हा पहिलाच, वय २१. ध्वनिमुद्रण लंडनच्या मार्कस म्युझिक स्टुडिओत झालं आणि ब्रिटनमध्ये तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. यात इलेक्ट्रिक गिटार औषधालाही नाही. पण ड्रमवर सेड्रिक शार्पली आहेत, बास गिटारवर पॉल गार्डिनर, कीबोर्ड आणि व्हियोलावर ख्रिस पेन. ‘ट्रॅक्स’ आणि ‘कॉन्व्हर्सेशन’ या गाण्यांमधलं व्हायोलिन ‘अल्ट्राव्हॉक्स’ या बँडच्या बिली करी यांचं. मुखपृष्ठ तेवढं यंत्रमानवासारखं आहे, आणि तेही चित्रकार रेने माग्रितच्या १९३७ च्या चित्रावरून घेतलेलं.

आता तो जाड, करकरीत आवाज. तो मिनिमूग या सिंथेसायझरचा, आणि त्याला गिटारचे पेडल (आवाज बदलणाऱ्या पायपेट्या) जोडलेले. फेजर आणि फ्लँजर (आवाज फिरता करणारे) आणि रिव्हर्ब (घुमारा देणारा) यांचा वापर अल्बमभर सढळ आहे. असा आवाज बांधताना दोन ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारी सर्किटं) करवती लहरीवर (सॉटूथ), एकाच सप्तकात ठेवावेत आणि दुसरा अगदी किंचित सरकवावा, दोघांमधली लाट सावकाश ऐकू येईल इतकाच. जास्त सरकवला की सूर सरळ बेसूर लागतो. फिल्टर (आवाजाची धार कमी करणारा) अर्ध्याच्या खाली, रेझोनन्स (फिल्टरच्या सीमेवरचा उठाव) जवळपास शून्य. फेजरचा वेग अगदी कमी, एक फेरी पाच-सहा सेकंदांत पुरी होईल असा. मिनिमूगला कमी आणि जास्त पातळीची दोन आउटपुट आहेत. पेडलला कमी पातळीचंच जोडावं. जास्त पातळीच्या आउटपुटमधून गेलेला आवाज गिटारसाठी बनवलेल्या पेडलला झेपत नाही. तो फाटतो आणि फेजरची फिरत सगळी त्यात बुडून जाते.

संगणकावरच्या सॉफ्टवेअरने हा आवाज काढणाऱ्यांचं इथेच चुकतं. मिनिमूगमध्ये एका वेळी एकच सूर निघतो आणि दोन पट्ट्या दाबल्या तर खालचा सूर जिंकतो. शिवाय आधीची पट्टी सोडल्याशिवाय पुढची दाबली, तर आवाजाचा आघात नव्याने सुरूच होत नाही. म्हणजे याच अल्बममधल्या ‘कार्स’ या गाण्यातल्यासारखे ठोकून काढलेले सूर हवे असतील तर प्रत्येक सुरानंतर बोट उचलावंच लागतं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये शेवटी दाबलेली पट्टी वाजते आणि आघात दरवेळी नवा येतो. तिथे लो-नोट प्रायॉरिटी आणि सिंगल ट्रिगर हे दोन पर्याय आधी निवडावेत, मग वाजवायला बसावं. आणि वाजवून झाल्यावर सगळे सूर सॉफ्टवेअरने अचूक ठोक्याला चिकटवू नयेत. न्यूमनची बोटं आणि शार्पलींचे हात यांच्यात जे केसाएवढं अंतर राहतं, त्यातच या गाण्यांची चाल आहे.

वर तरंगणारा थंड, थरथरता आवाज पॉलिमूग या दुसऱ्या सिंथेसायझरचा, त्यातल्या ‘व्हॉक्स ह्युमाना’ या तयार आवाजाचा. पॉलिमूगच्या ७१ पट्ट्यांपैकी प्रत्येकीला स्वतःचं स्वतंत्र सर्किट आहे, त्यामुळे सगळ्या पट्ट्या एकदम वाजू शकतात. (दुरुस्ती करणारे याच ७१ सर्किटांमुळे हात टेकतात.) त्याची लाट कशी लागते हे पेटी वाजवणाऱ्याला सांगावं लागणार नाही. एकाच सुराच्या दोन रीडमध्ये बारीक फरक राहिला की सूर जसा लहरतो, तसंच इथे दोन स्वरसंच एकमेकांपासून जरासे सुटलेले असतात. त्याऐवजी तयार ‘स्ट्रिंग्ज’ निवडून वर कोरस (आवाज दुहेरी, भरीव करणारा इफेक्ट) चढवला की आवाज गोड होतो, आणि या अल्बमला गोडवा चालत नाही. लाट सुरातच हवी. वरच्या सप्तकात, एका वेळी एक-दोनच सूर, लांब धरलेले. इतकं पुरतं.

खालच्या बाजूला मात्र सिंथेसायझरने थांबावं. ‘कार्स’ची चालच मुळात बास गिटारवर सुचली होती, आणि गार्डिनर यांची बास त्याच चालीबरोबर चालते. सरकवलेले दोन ऑसिलेटर बासच्या खालच्या सुरांत उतरले की तीच लाट तिथे आवाज कमी-जास्त करू लागते आणि खालचा भाग गढूळ होतो. म्हणून सिंथेसायझरचा साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून तिथली जागा बास गिटारला द्यावी.

‘कार्स’ ऐकताना एक गोष्ट जरूर पाहावी. गाणं जेमतेम चार मिनिटांचं, रूढ अर्थाचं ध्रुवपद त्यात नाही आणि शब्द निम्म्याच्या आसपास संपतात. त्यानंतर फक्त पॉलिमूगच्या लांब ओळी, खाली ड्रम आणि बास. अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेलेल्या गाण्याचा जवळपास अर्धा भाग विनाशब्द आहे! या उत्तरार्धात फक्त शार्पलींच्या हाय-हॅटकडे, म्हणजे ड्रमसंचातल्या झांजांच्या जोडीकडे, कान लावावा. एकसारख्या वाटणाऱ्या ठोक्यांत जोर कुठे वाढतो, कुठे सैलावतो ते दोन-तीनदा ऐकलं की कळतं.

दुरुस्ती छापताना शार्पली, गार्डिनर आणि पेन यांची नावं कृपया न्यूमनच्या नावासोबत द्यावीत. मूळ लेखात तिघांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली