सूचना : रविवारी फ्रीझर खोलीतील इव्हॅपोरेटरचे सर्व्हिसिंग

देखभाल गटातील सर्व सदस्यांना,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता दोन नंबरच्या फ्रीझर खोलीतील अमोनिया इव्हॅपोरेटर (खोली थंड करणारी यंत्रे) सर्व्हिसिंगसाठी बंद होतील. गोदामाच्या मंडळींनी तिथला माल शनिवारी संध्याकाळपर्यंत हलवावा.

• कॉइलवरचा (थंड नळ्यांवरचा) बर्फ हॉट गॅसनेच, म्हणजे कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या गरम अमोनिया वायूनेच वितळवा. स्क्रू ड्रायव्हर, हातोडी अजिबात नको. नळीला भोक पडले तर बंद खोलीत अमोनिया भरायला वेळ लागत नाही.

• नंतर पंप डाउन (इव्हॅपोरेटरमधला अमोनिया ओढून काढणे), मग पंख्यांची वीज बंद. आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) प्रत्येकाने स्वतःचे कुलूप लावावे, किल्ली स्वतःच्याच खिशात.

• ड्रेन पॅन (वितळलेले पाणी जमा होणारे तसराळे) आणि पाइपचा हीटर तपासा.

• इव्हॅपोरेटरमध्ये साठलेले कॉम्प्रेसरचे तेल काढताना सर्वांत जास्त सावध राहा. तेल अमोनियापेक्षा जड, म्हणून तळाशी साठते. पण ते संपले की मागून अमोनियाच येतो. हे काम दोघांनी मिळून, मास्क आणि हातमोजे घालूनच करावे. स्प्रिंगने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बांधून उघडा ठेवू नये आणि व्हॉल्व्ह उघडा असताना कोणीही जागा सोडू नये.

ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी शुक्रवारपर्यंत पर्यवेक्षकांना कळवावे. जोड्या त्यानंतरच ठरतील.