जॅम सेशन ऐकणाऱ्यांचंही असू दे

मा. संपादक, स.न.वि.वि.

पुण्यात हल्ली कॅफेंमधे वीकेंडला जॅम सेशन होतात, पोरं-पोरी गिटार, कीबोर्ड घेऊन येतात आणि आयत्या वेळी सुचेल ते वाजवतात, मला हे मनापासून आवडतं आणि हे वाढायलाच हवं. पण थोड्या वेळात टेबलांवरचे लोक मोबाईल काढून बसतात. वाजवणाऱ्यांची तयारी कमी नसते हो, पण सगळे एकदम वाजवतात, कोणी थांबत नाही, आणि ऐकणाऱ्याला धरून ठेवायला काही मिळतच नाही.

आपल्या मैफलीत बघा, तीनतालाच्या 16 मात्रा चालू असतात, गवई कुठेही फिरून येऊ दे, मुखडा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की ज्याला रागाचं नावही माहीत नाही त्याचीसुद्धा मान हलते. जॅझमधेही बहुतेक वेळा आधी मूळ धून, मग एकेकाचा सोलो, शेवटी परत धून. ब्लूजचं 12 बारचं चक्र (बार म्हणजे बहुतेक वेळा चार मात्रांचा एक तुकडा) तर साधारण तीन कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या तीन जुळण्यांवर, फिरतं, दोन फेऱ्यांत कानात बसतं. उत्स्फूर्त म्हणजे वाट्टेल ते, असं कुठेच नाहीये.

म्हणून माझी विनंती, सुरू करायच्या आधी गुणगुणता येईल अशी चार बारची एक धून ठरवा, ती दोनदा नीट वाजवा आणि मधून मधून सगळे मिळून तिच्यावर परत या. एकाचा सोलो चालू असताना बाकीच्यांनी आवाज खाली घ्यावा, बेस गिटारवाला असेल तर कीबोर्डवाल्याने डावा हात आवरावा, नाहीतर खालच्या सुरांत नुसता गडगडाट होतो, आणि छोट्या जागेत ड्रमरने स्टिकऐवजी हलका आवाज देणारे तारांचे ब्रश वापरावेत. ड्रमर आणि गिटारवाल्याने चार-चार बार आलटून पालटून वाजवले की लोक आपोआप वर बघतात, आपला सवाल-जवाब तरी दुसरं काय आहे! 70च्या दशकात ‘शक्ती’ या फ्युजन बँडमधे जॉन मॅकलॉफ्लिन यांची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीरभाईंचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम, त्यातली निम्मी मजा एकमेकांना दिलेल्या उत्तरांत आहे, आणि ते कळायला संगीत शिकलेलं असावं लागत नाही.

कॅफेवाल्यांनीही तेवढा वेळ मागचा टीव्ही बंद ठेवावा. आणि संपवायचं कसं, कोणाच्या खुणेवर, हे पोरांनी आधी ठरवावंच, कारण चांगलं रंगलेलं जॅमसुद्धा शेवटी एकेक जण गळत जाऊन विरतं आणि लोकांना टाळ्या कधी वाजवायच्या तेच कळत नाही.

आपला,
एक श्रोता, कोथरूड, पुणे