खास घडवलेल्या पिस्तुलांना मोकळे रान नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावरील लेखाचा सूर असा, की पैसे मोजले की नेमबाजी स्पर्धेसाठी हवे तसे पिस्तूल घडवून घेता येते. मूठ तळहाताबरहुकूम कोरून घेता येते, हे खरे. बाकीची मोकळीक नियमांनी केव्हाच आवळली आहे.

1956च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत नेमबाजांनी रॅपिड फायरसाठी (25 मीटरवरून झटपट पाच लक्ष्ये टिपण्याचा प्रकार) उलट्या रचनेचे, नळी अगदी खाली बसवलेले पिस्तूल आणले. नळी हाताच्या जितकी वर, तितके गोळी सुटताना तोंड जास्त उसळते. चार सेकंदांत पाच लक्ष्ये टिपायची तर ही उसळीच वेळ खाते. लवकरच या रचनेवर बंदी आली. आज 25 मीटरचे पिस्तूल 300 × 150 × 50 मिमीच्या पेटीत मावावे लागते.

मोठा घाव 2005चा. तोवर रॅपिड फायरला .22 शॉर्ट हे मवाळ काडतूस आणि हलका, म्हणजे कमी जोराने ओढला जाणारा ट्रिगर चालत असे. जर्मनीच्या राल्फ शुमानने 2004 मध्ये आपले तिसरे ऑलिम्पिक सुवर्ण त्याच जमान्यात मिळवले. मग .22 लाँग रायफल हे जास्त जोराचे काडतूस आणि किमान 1000 ग्रॅमचा ट्रिगर सक्तीचा झाला. गोळीचे वजन साधारण 29 ग्रेनवरून (सुमारे 1.9 ग्रॅम) 40 ग्रेनवर (सुमारे 2.6 ग्रॅम) गेले, झटका वाढला. जड ट्रिगर घाईत ओढला की उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या डावीकडे खाली जातात. शॉर्टसाठी बनलेली उत्तमोत्तम पिस्तुले कपाटात गेली.

50 मीटर फ्री पिस्तुलात मात्र कारागिराला खरी मुभा होती: एकावेळी एकच गोळी, ट्रिगरच्या वजनाला मर्यादा नाही, मूठ हाताला वेढणारी, फक्त मनगट मोकळे हवे. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओने 2008 ते 2016 सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णे जिंकलेला हा प्रकार टोकियो ऑलिम्पिकआधी ऑलिम्पिकमधून गेला. आमच्या मते हा तोटाच.

एअर पिस्तुलाच्या (हवेच्या दाबाने गोळी सोडणाऱ्या) तपासणीतही सूट नसते. पिस्तूल भरलेले, नळी उभी, ट्रिगरला 500 ग्रॅमचे वजन. ट्रिगर न सुटता ते तीन प्रयत्नांत उचलले गेलेच पाहिजे. घरी काट्यावर ट्रिगर नेमका 500 ग्रॅमवर ठेवणारे इथेच अडकतात. दहा-पंधरा ग्रॅम जास्त ठेवावे. मुठीत पुट्टी भरून तळहाताचा आधार वाढवणाऱ्यांनी 50 मिमीची जाडी आधी मोजावी, आणि आधाराची कड वर वळलेली नाही ना, तेही पाहावे. तशी वळण दिलेली मूठ बाद होते.

आपले,
नेमबाजी प्रशिक्षक (काही वाचक)